खिडकीतल्या सतरा बाटल्या

सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६

आज विद्यापीठाच्या मधुमेह संशोधन केंद्राचा संचालक म्हणून रुजू झालो. पुढे आत्मचरित्र लिहिताना उपयोग होईल, म्हणून ही वही.

केंद्र मुलुंडला, टेकडीच्या पायथ्याशी, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गोदामात आहे. वर पत्रा, पश्चिमेला मोठमोठ्या काचेच्या खिडक्या. संचालकाच्या खोलीचं दार अशा कोनात आहे की येणाऱ्याला आधी टेबलाखालचे माझे पाय दिसतात. दिवसभर टेबल फिरवून घेतलं.

कर्मचारी दोन. शिपाई गुणाजी मालवणकडचा, संपापर्यंत गिरणीत होता, आता केंद्राच्या मागच्या खोलीतच राहतो. आणि क्षेत्र सहायक शेवंती साळवे. नर्सिंग शिकलेली, वय अठ्ठावीस, टेकडीवरच्या वस्तीत घर. दोघंही हंगामी आहेत. तूर्त मीही हंगामीच आहे, पण ते वेगळं.

अनुपमाने जेवताना विचारलं, "मधुमेहातलं तुम्हाला काय कळतं?" मी म्हटलं, मी जीवरसायनशास्त्राचा डॉक्टर आहे, वीस वर्षं उंदरांच्या यकृतावर काम केलंय. "मग उंदरांचं केंद्र का नाही मागितलंत?" म्हणाली. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी तिला संस्थात्मक कामातलं काही समजत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. यंत्रसामग्री यायची आहे. आला आहे तो फक्त एक फ्रिज, माणसाच्या उंचीचा. त्यामुळे सल्लागार समितीचे अध्यक्ष प्राचार्य भाऊराव इंगवले यांच्या हस्ते फ्रिजचंच उद्घाटन करावं लागलं. हँडलला फीत बांधली होती. भाऊरावांनी ती कापली, दार उघडलं, आत दिवा लागला आणि टाळ्या पडल्या. "या प्रकाशात उद्याचा निरोगी भारत दिसतो," असं ते म्हणाले. आत काहीच नव्हतं.

माझं भाषण पंचेचाळीस मिनिटं चाललं. त्या वेळात अनुपमा मागे शेवंतीशी बोलत बसली होती. तिला कोणाशी काय बोलावं याचं भान नाही.

सोमवार, १७ मार्च

गेले तीन आठवडे वस्तीच्या पाहणीसाठी प्रश्नावली तयार करत होतो. एकशे चौदा प्रश्न. छंदापासून आजोबांच्या मृत्यूच्या कारणापर्यंत काही सोडलेलं नाही. शेवंतीने आज भरलेले तक्ते आणले तर प्रत्येकात बाराच उत्तरं.

"उरलेले एकशे दोन?"

"सर, बाई पाण्याच्या रांगेत असते. तिला छंद काय विचारू?"

बारा प्रश्न मात्र बरे निवडलेत तिने. मी म्हटलं, हे चालणार नाही. तिने बरं म्हटलं आणि उद्यासाठी बारा प्रश्नांचेच तक्ते उचलून नेले. स्वतःची एक वेगळी वही ठेवते, लांब, लाल पुठ्ठ्याची. त्यात काय लिहिते ते मी विचारलं नाही. कर्मचाऱ्यांना थोडं स्वातंत्र्य द्यावं.

बुधवार, २ एप्रिल

सकाळी बाहेर आरडाओरडा झाला, "डॉक्टर, डॉक्टर." गेलो तर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी व्हरांड्यात कोसळली होती, घामाने निथळत होती. सोबत आजी. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी स्पष्ट केलं की मी त्या अर्थाने डॉक्टर नाही. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत शेवंती माझ्या टेबलावरचा साखरेचा डबा घेऊन गेली आणि तिने मुलीच्या गालात साखर चोळली. पाच-दहा मिनिटांत मुलगी उठून बसली. सकाळी इन्सुलिन घेतलं होतं आणि भाकरी खायची राहिली होती, एवढंच कारण. प्रसंग माझ्या देखरेखीखाली व्यवस्थित हाताळला गेला.

मुलीचं नाव नंदा, आजीचं सोनूबाई. नंदाने मला विचारलं, "मग तुम्ही कसले डॉक्टर?" मी वीस मिनिटं उंदरांच्या यकृताविषयी सांगितलं. तिने विचारलं, "उंदरांना सुई कोण टोचतं?" केंद्रात आजवर कोणी विचारलेला हा पहिला बुद्धिमान प्रश्न.

मंगळवार, ८ एप्रिल

धक्कादायक. माझं ताक ठेवायला फ्रिज उघडला तर मधल्या फळीवर इन्सुलिनच्या सतरा बाटल्या. प्रत्येकीला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. एकीवर 'नंदा', एकीवर 'धोंडूमामा', एकीवर 'पिठाच्या गिरणीवाली'.

शेवंतीला बोलावलं. ती जराही गडबडली नाही. "सर, वर कोणाकडे फ्रिज नाही. माठाला ओलं फडकं गुंडाळून त्यात ठेवतात. फडकं वाळलं की औषध गेलं. इथे फ्रिज रिकामाच होता."

"तो रिकामा नाही, राखीव आहे. रक्ताच्या नमुन्यांसाठी."

"नमुने कधी येणार?"

हा प्रश्न तिच्या अधिकारातला नव्हता. रोज सकाळ-संध्याकाळ ही माणसं खाली येतात, आपापल्या बाटलीतून टोचून घेतात आणि जातात, रविवारीसुद्धा, असं कळलं. गुणाजी दार उघडतो. म्हणजे माझ्या केंद्रात दिवसाला पस्तीसेक माणसं येत होती आणि मला वाटत होतं, बाहेर बसथांबा आहे.

हे इस्पितळ नाही, असं मी बजावलं. शेवटी तोंडी परवानगी दिली. लेखी दिली असती तर मी जबाबदार झालो असतो.

सोमवार, २८ एप्रिल

विद्यापीठाचं पत्र. १३ मे रोजी समिती येणार. केंद्र चालू ठेवायचं का आणि संचालकपद कायम करायचं का, ते त्या भेटीवर ठरेल. भाऊराव आपलेच आहेत. पण सोबत डॉ. रत्नप्रभा केळुसकर म्हणून एक बाई आहेत, औषधाच्या डॉक्टर, मधुमेहाच्या रोग्यांत वीस वर्षं काढलेल्या. त्या फ्रिज उघडून पाहतील अशी मला दाट शंका आहे.

बुधवार, ७ मे

नमुन्यांचा प्रश्न सुटला. रक्त काढायच्या सुया अजून आलेल्या नाहीत, तेव्हा रक्ताचे नमुने असणं शक्यच नाही. पण ते आल्यावर फ्रिज कसा दिसेल, हे समितीला दाखवणं माझं कर्तव्य आहे. गुणाजीला बिनदुधाचा पातळ चहा करायला सांगितलं आणि साठ परीक्षानळ्या भरून घेतल्या. रक्तातून लाल पेशी काढल्या की उरणारा द्रव अगदी तसाच दिसतो, हे निरीक्षण माझं. याला फसवणूक म्हणता येणार नाही. ही नमुनादाखल मांडणी आहे.

गुरुवार, ८ मे

शेवंती चार दिवस रजेवर, मामेबहिणीचं लग्न आहे जालन्याला. मी रजा ताबडतोब मंजूर केली. जाताना दारात थांबून म्हणाली, "बाटल्या फ्रिजमध्येच राहतील ना, सर?"

मी म्हटलं, "निश्चिंत जा."

शनिवार, १० मे

समितीच्या दृष्टीने केंद्र आवरून घेतलं. नळ्यांची स्टँडं फ्रिजमध्ये फार छान दिसतात. इतर किरकोळ सामान बाजूला केलं. गुणाजी उगाच मध्ये बोलला, "साहेब, दुपारनंतर हय ऊन येता. बाटल्यांका चालतला?" शिपायाने वैद्यकीय मतं देऊ नयेत, असं मी त्याला शांतपणे सांगितलं. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

संध्याकाळी नवा टाय आणला.

सोमवार, १२ मे

उकाडा भयंकर. पत्रा तापून दुपारी खोलीत बसवत नाही. भाषणाची उजळणी केली. सोनूबाई येऊन गुणाजीला सांगत होती की पोरगी कालपासून सारखी पाणी मागतेय, आज ओकतेय. उन्हाळ्यात पाणी सगळेच पितात. तिने आंबे खाल्ले असतील.

मंगळवार, १३ मे

सविस्तर लिहायला हवं, पण हात चालत नाही.

समिती दहाला आली. भाऊराव खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. रत्नप्रभाबाई मात्र माझी प्रस्तावना संपण्याआधीच फ्रिजपाशी गेल्या. एक नळी उचलली, उजेडात धरली, बूच काढून वास घेतला. मग माझ्याकडे पाहून अगदी सभ्यपणे विचारलं, "यात साखर आहे का?"

मी म्हटलं, "त्याचीच तपासणी करायची आहे."

गुणाजी पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. तो म्हणाला, "नाय बाई. साखर नाय घातलंय."

भाऊरावांना ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. तेवढ्यात शेवंती आत आली, स्टेशनवरून थेट, हातात पिशवी तशीच. वाटेत तिला सोनूबाई भेटली होती, नंदाला रिक्षात घालून इस्पितळात नेताना. शेवंतीने फ्रिजकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीत पुठ्ठ्याचं खोकं होतं. तिने वरची बाटली काढली, हलवून बाईंच्या हातात दिली. दोघी एकमेकींशी फार थोडं बोलल्या.

"किती दिवस?"

"शनिवारपासून, म्हणते सोनूबाई. त्याआधीची रोजची नोंद माझ्या वहीत आहे."

बाईंनी खोकं बंद केलं, यातलं कोणालाही द्यायचं नाही असं सांगितलं आणि शेवंतीला घेऊन इस्पितळात गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तिची ती वही माझ्यासाठी काढून ठेवा." भाषण राहून गेलं. भाऊराव जेवून गेले, श्रीखंड आवडलं म्हणाले.

गुरुवार, १५ मे

नंदा अजून शुद्धीवर पूर्ण आलेली नाही. इतर दोघांचीही साखर फार वाढली होती, पण ते चालत घरी गेले. बाईंनी ओळखीच्या एका कंपनीकडून नव्या बाटल्या मिळवून दिल्या. त्या केंद्रात आलेल्या नाहीत. कुठे ठेवल्या, शेवंती सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सुरक्षित आहेत, सर." त्यात एक प्रकारचा आगाऊपणा होता.

मुलीने बाहेरचं काही खाल्लं असण्याची शक्यता मी अनुपमाला बोलून दाखवली. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

शनिवार, २४ मे

नंदा घरी आली. आनंद आहे.

आमच्या घरात मात्र विचित्र गोष्टी चालल्या आहेत. अनुपमाने फ्रिजला कुलूप लावलंय. विचारलं तर म्हणाली, मुंग्या होतात. फ्रिजमध्ये मुंग्या होत नाहीत, हे मी शास्त्रीय कारणांसह सांगितलं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरात बायकामाणसं येतात. मी वर्तमानपत्र घेऊन बाहेर बसलो की दार लोटून घेतात. भिशी असावी. परवा त्यांत एक मिशीवाला म्हातारा होता.

शुक्रवार, ३० मे

सोनूबाई केंद्रात आली. मी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. पदराची गाठ सोडून तिने एक बाटली टेबलावर ठेवली. 'नंदा' लिहिलेली, त्या खोक्यातलीच; गुणाजीने तिला दिली असावी. आत फुटलेल्या दुधासारखं काहीतरी.

"सायेब, ही तुमी ठेवा. माठात ठेवत हुते तवा असं एकदाबी झालं न्हाई. तुमचा फ्रिज हाय, शिकलेली मानसं हायती, म्हनून खाली आनली."

मी म्हटलं, आपली तक्रार लेखी द्यावी लागेल. अर्ज पुढे केला.

ती म्हणाली, "मला लिवता येत न्हाई. तुमाला येतं की." आणि गेली.

अर्ज कोराच आहे. बाटली खणात ठेवली. दोनदा खण उघडून पाहिला. का, ते सांगता येत नाही.

शुक्रवार, २० जून

समितीचा निर्णय आला. केंद्र चालू राहणार, संचालकपद कायम. भाऊरावांनी माझ्या दूरदृष्टीचा उल्लेख केलाय. पण रत्नप्रभाबाईंनी दोन अटी घातल्यात. शेवंतीला कायम करायचं, आणि तिच्या वहीवरून शोधनिबंध लिहायचा, पहिलं नाव तिचं, दुसरं माझं.

बाई स्वतः आल्या होत्या. आम्ही तिघं वही घेऊन बसलो. मी ती प्रथमच उघडली. एक्केचाळीस रोगी, रोजची तारीख, वेळ, लघवीच्या तपासणीचा रंग, बाटली कुठे ठेवली होती: माठ, ओली वाळू, फ्रिज. दोन वर्षांच्या नोंदी. केंद्र सुरू होण्याच्या आधीपासूनच्या. माझ्या एकशे चौदा प्रश्नांतून जे निघालं नसतं ते इथे सरळ दिसत होतं. हे मी मोठ्याने कबूल केलं नाही.

मग हे वाचलं: '१४ मे ते १६ जून. नव्या बाटल्या सौ. अनुपमा कुडतरकर यांच्या घरच्या फ्रिजमध्ये, दुसऱ्या फळीवर. सुई टोचायलाही त्या शिकल्या. एकही बाटली वाया गेली नाही. १७ जूनपासून बाटल्या पुन्हा केंद्राच्या फ्रिजमध्ये.'

"या सौ. कुडतरकर कोण, तुमच्या नात्यातल्या?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "लांबच्या."

शेवंतीने खिडकीबाहेर पाहिलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

निबंध जवळजवळ पूर्ण. डिसेंबरात अंधेरीच्या एका महाविद्यालयात मराठी वैद्यक परिसंवाद आहे, तिथे वाचायचाय. पदवीधारकानेच वाचावा असा नियम असल्याने वाचणार मी.

एकाच वाक्यावर अडलंय. शेवंतीच्या वहीत असं आहे: '१० मे, दुपारी साडेबारा. संचालकांनी १७ बाटल्या फ्रिजमधून काढून पश्चिमेच्या खिडकीत ठेवल्या. १३ मे सकाळपर्यंत तिथेच.'

मी सुचवलं की हे वाक्य गाळावं. बाई म्हणाल्या, ते गाळलं तर निबंधात उरलं काय? सतरा बाटल्या एकाच वेळी एकाच उन्हात, असा पुरावा मुद्दाम कोणी तयार करू शकत नाही, करूही नये.

मग मी शेवंतीला एकटीला बोलावलं. म्हटलं, "एवढंच कर. 'संचालकांनी ठेवल्या' ऐवजी 'बाटल्या खिडकीत राहिल्या' असं लिही. अर्थ तोच."

"बाटल्या आपल्या पायांनी गेल्या नाहीत, सर."

मी म्हटलं, "हा भाषाशैलीचा प्रश्न आहे."

"मग तुमच्या कागदावर करा बदल. माझ्या वहीत नाही." मग म्हणाली, "तुम्ही मला निश्चिंत जा म्हणालात. मी लग्नात नाचत होते, सर. नंदा इथे ओकत होती."

आवाज चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तिने चढवला नाही.

मी टंकलेखकाकडून माझी प्रत वेगळी करून घेतली. तीत 'राहिल्या' आहे.

शनिवार, १३ डिसेंबर

परिसंवाद. सभागृह अर्धं भरलेलं. शेवंती बाजूला तक्ते घेऊन उभी होती. मी सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर वर पाहिलं तर तिसऱ्या रांगेत अनुपमा. तिच्या एका बाजूला सोनूबाई, दुसऱ्या बाजूला नंदा, दोन वेण्या घालून. मला कोणी सांगितलं नव्हतं.

खिडकीच्या वाक्यापाशी आलो. कागदावर 'राहिल्या' होतं, मी स्वतः लिहून घेतलेलं. वाचताना मात्र 'संचालकांनी ठेवल्या' असं तोंडातून गेलं. चष्म्याचा नंबर बदललाय बहुधा. डॉक्टरांना दाखवायला हवं.

मी थांबलो. काहीतरी होईल असं वाटलं. काही झालं नाही. मागच्या रांगेत एकजण घड्याळ पाहत होता. अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पुढे सरकवली. एकाने प्रश्न विचारला, तो वाळूविषयी. शेवंतीने उत्तर दिलं आणि टाळ्या तिला जास्त पडल्या.

चहाच्या वेळी नंदा माझ्याजवळ आली. "रोगी क्रमांक नऊ म्हणजे मीच ना?"

"हो. निबंधात रोग्यांची नावं घालत नाहीत."

तिने थोडा विचार केला. "संचालकांचं पण नाही घालत?"

सोनूबाईने तिला गप्प बस म्हणून हाताला धरून ओढलं. मी म्हटलं, बोलू द्या तिला. पण ती बिनसाखरेचा चहा पीत उभी राहिली.

परतताना अनुपमाने माझ्या हातातली बॅग घेतली. अशी ती कधी घेत नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

सकाळी केंद्रात लवकर गेलो. बाहेर नेहमीची रांग. शेवंती सुया उकळत होती. लाल पुठ्ठ्याची वही टेबलावर होती. मे महिन्याचं पान काढलं. तिच्या वाक्याखाली थोडी जागा होती. तिथे लिहिलं: 'यातील संचालक म्हणजे मी, चंद्रप्रकाश कुडतरकर. ऊन येतं असं गुणाजीने मला सांगितलं होतं.' खाली सही केली.

लिहायला फार वेळ लागला नाही. माझ्या या दैनंदिनीत मात्र १० मेच्या पानावर मी 'किरकोळ सामान' असं लिहिलंय. ते खोडलेलं नाही. तसंच असू दे.

शेवंतीने हात पुसले, येऊन वाचलं.

"तारीख राहिली, सर," ती म्हणाली.

मी तारीख घातली.

"आता द्या वही. माणसं उपाशी उभी आहेत."